विकलेला गेम बंद करण्याचा अधिकार कुणाला?

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले. डिसेंबर २०१४मध्ये बाजारात आलेला हा मोटारींचा गेम. अख्ख्या अमेरिकेचा लहान केलेला नकाशा, त्यावर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मनसोक्त गाडी हाकायची, आणि जोडीला एकट्याने खेळता येईल अशी कथा. पण एकट्याने खेळतानाही गेम कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. त्यामुळे सर्व्हर गेले तशी दुकानातून पैसे मोजून आणलेली डिस्कही निकामी झाली. पुढच्याच महिन्यात अनेक खेळाडूंच्या डिजिटल संग्रहातून हा गेम काढूनही घेण्यात आला.

असे याआधी अनेकदा घडले होते. या वेळी मात्र ‘अकर्स्ड फार्म्स’ या वाहिनीचे यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी एप्रिल २०२४मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि गेमच्या चाहत्यांपुरता राहिलेला वाद संसदेपर्यंत जाऊन पोहोचला. युरोपीय संघात नागरिकांना कायद्याची मागणी थेट मांडता येते. त्यासाठी वर्षभरात १० लाख सह्या लागतात. जुलै २०२५च्या सुरुवातीला तो आकडा ओलांडला गेला आणि पडताळणीत सुमारे १३ लाख सह्या वैध ठरल्या. ब्रिटनमधील स्वतंत्र याचिकेवर १ लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तिथल्या खासदारांनी तीवर चर्चा केली.

मोहिमेची मागणी मर्यादित आहे. कंपनीने तोट्यातला गेम कायम चालवत राहावे, असे कुणी म्हणत नाही. गेमची मालकी खेळाडूंना द्या, असेही नाही. विकलेला गेम बंद करताना तो खेळता येईल अशा स्थितीत सोडून जा, एवढेच मागणे आहे. या साध्या वाटणाऱ्या मागणीत ग्राहकहक्क, कॉपीराइट, तंत्रज्ञान आणि सांस्कृतिक जतन असे चार प्रश्न गुंतले आहेत. चारही बाजू एकत्र पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की ‘मालकी की परवाना’ या चर्चेत आपण नको तितके अडकून पडलो आहोत. विकून झालेली वस्तू नष्ट करण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे राहावा का, हा खरा प्रश्न आहे.

कॅसेटपासून सर्व्हरपर्यंत

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची ‘कॅसेट’ मिळे. ती मित्राला देता येई, बदलून घेता येई, विकता येई. बनवणारी कंपनी बुडाली तरी कॅसेट चालत राही. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत सीडी आल्या, तेव्हाही गेम म्हणजे हातात धरता येईल अशी वस्तूच होती.

बदलाची सुरुवात कॉम्प्युटरवर झाली. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने २००३मध्ये ‘स्टीम’ ही सेवा आणली. नोव्हेंबर २००४मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ २’साठी डिस्क घेतली तरी स्टीमवर खाते उघडून नोंदणी करावी लागे. त्या वेळी त्यावर मोठा संताप उसळला. पुढे मात्र सोय, सवलतीच्या किमती आणि आपोआप होणारी अद्ययावतता यांमुळे खेळाडू रुळले. पायरसी रोखण्याचा हेतू या नोंदणीमागे होता, आणि कंपनीच्या बाजूने पाहिले तर तो अनाठायी नव्हता.

पुढची पायरी होती कायम ऑनलाइन राहण्याच्या सक्तीची. मे २०१२मध्ये ‘डायब्लो ३’ आला, तेव्हा एकट्याने खेळू पाहणारेही सर्व्हरच्या दारात ताटकळले. मार्च २०१३मध्ये ‘सिमसिटी’ची तीच गत झाली, वर्षभराने कंपनीने त्यात ऑफलाइन खेळण्याची सोय केली. जून २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्स वनसाठी दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरीची अट आणि वापरलेल्या डिस्कवर निर्बंध जाहीर केले. खेळाडूंचा विरोध एवढा तीव्र होता, की काही दिवसांतच दोन्ही मागे घ्यावे लागले.

त्या विजयानंतरची दहा-बारा वर्षे पाहिली तर चित्र वेगळे दिसते. तेव्हा उघडपणे नाकारलेली गोष्ट नंतर हळूहळू, गेमागणिक रुजली. आज अनेक डिस्कमध्ये पूर्ण गेम नसतो. जून २०२५मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २साठी तर काही गेम्स ‘गेम-की कार्ड’ म्हणून विकले जातात. त्या कार्डात गेम नसतो, तो डाउनलोड करण्याची किल्ली असते. डाउनलोडचे दुकान किती काळ उघडे राहते, याचाही अनुभव आहे: थ्रीडीएस आणि वी यू या निन्टेंडोच्याच दोन यंत्रांवरची ऑनलाइन खरेदी २७ मार्च २०२३ रोजी थांबली.

बंद होते ते नेमके काय?

या वादात तीन वेगळ्या गोष्टींची सतत गल्लत होते.

पहिली गोष्ट विक्री थांबण्याची. ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४मध्ये दुकानांतून हटवला गेला, कारण अशा गेममधल्या खऱ्या मोटारी आणि गाणी यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. पण ज्यांनी तो आधी घेतला होता त्यांना तो खेळता येतो. नव्या माणसाला तो मिळत नाही, हे वाईट. पण विकलेले परत घेतले, असे इथे झालेले नाही.

दुसरी गोष्ट ऑनलाइन भाग बंद पडण्याची. चौघांनी मिळून खेळायचा भाग जातो, एकट्याचा राहतो. गेम अपुरा होतो, पण जिवंत असतो.

तिसरी गोष्ट ‘द क्रू’सारखी: सर्व्हर गेला की काहीच उरत नाही. असे का होते, हे समजून घ्यायला हवे. सर्व्हर बरीच कामे करतो. खाते तपासतो, खेळाडूंच्या जोड्या लावतो, कुणाची प्रगती कुठवर झाली हे साठवतो, आणि काही गेम्समध्ये जगात काय घडतेय याचा हिशेबही तोच ठेवतो. फक्त खाते तपासण्यापुरता सर्व्हर असेल तर ती तपासणी काढून टाकणे हे तुलनेने सोपे काम आहे. अर्धा गेमच सर्व्हरवर चालत असेल तर मात्र तो वेगळा काढणे अवघड आणि खर्चाचे होते.

मोहिमेचे समर्थक फक्त खाते तपासणाऱ्या सर्व्हरच्या गेमचे उदाहरण देतात आणि विरोधक अर्धा सर्व्हरवरच चालणाऱ्या गेमचे. म्हणून दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे वाटते.

कंपन्यांची बाजू

युरोपातील गेम उद्योगाची संघटना ‘व्हिडिओ गेम्स युरोप’ने जुलै २०२५मध्ये आपले म्हणणे मांडले. सर्व्हर खेळाडूंच्या हाती दिले तर वैयक्तिक माहितीचे रक्षण, बेकायदा मजकूर काढणे आणि असुरक्षित वर्तनाला आळा घालणे या जबाबदाऱ्या कोण घेणार, हा त्यांचा एक मुद्दा. अनेक गेम्स मुळातच ऑनलाइनसाठी रचलेले असतात. कायद्याने ही सक्ती केली तर ते बनवणे परवडणार नाही, हा दुसरा. ‘पायरेट सॉफ्टवेअर’ या नावाने ओळखले जाणारे गेम निर्माते आणि स्ट्रीमर जेसन हॉल यांनीही मोहिमेची भाषा मोघम असल्याची टीका केली. सतत बदलत राहणाऱ्या ऑनलाइन गेम्सना आणि एकट्याच्या गेम्सना एकच नियम लावता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

हे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा इतर कंपन्यांचे घटक परवान्यावर घेतलेले असतात. ते उचलून लोकांना देता येत नाहीत. लहान स्टुडिओ बंद पडतो तेव्हा शेवटचा पगार द्यायलाही पैसे नसतात, मग गेम सोडवून द्यायला माणसे कुठून आणायची? दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या गेमला आज हा नियम लावणे अन्यायाचे होईल, हे मोहिमेलाही मान्य आहे. तिची मागणी पुढे येणाऱ्या गेम्सबद्दल आहे.

खर्चाच्या आक्षेपाचे उत्तरही तिथेच सापडते. गेमचा शेवट कसा होईल याचा विचार पहिल्या आराखड्यातच केला, तर खर्च पुष्कळ कमी होतो. नंतर तोडफोड करून वाट काढायची वेळ आली, तर तो डोईजड होतो. नियम पुढच्या गेम्सपुरता असला, तर परवान्यांचे करारही त्यानुसार करता येतील.

वाचलेले गेम्स काय सांगतात?

हे केवळ तर्काने म्हणत नाही, उदाहरणे आहेत. ‘क्वेक’ १९९६मध्ये आला तेव्हा सर्व्हर चालवण्याचे सॉफ्टवेअर खेळाडूंनाच मिळत असे. १९९९मध्ये इड सॉफ्टवेअरने त्याच्या इंजिनाचा कोडही खुला केला. तो गेम आजही खेळला जातो. ‘नॉकआउट सिटी’ बनवणाऱ्या वेलन स्टुडिओजने जून २०२३मध्ये आपले सर्व्हर बंद करताना खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती दिली. ही कंपनी मोठ्यांपैकी नव्हे.

‘सिटी ऑफ हीरोज’ची कथा अधिक बोलकी आहे. २००४मध्ये सुरू झालेला हा हजारोंनी एकत्र खेळायचा गेम एनसीसॉफ्टने नोव्हेंबर २०१२मध्ये बंद केला. चाहत्यांनी तो आपल्या बळावर पुन्हा उभा केला, आणि जानेवारी २०२४मध्ये कंपनीने ‘होमकमिंग’ या चाहत्यांच्या गटाला रीतसर परवाना दिला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची जुनी आवृत्ती चालवणारा ‘नोस्टॅलरियस’ हा चाहत्यांचा सर्व्हर एप्रिल २०१६मध्ये कायदेशीर इशाऱ्यामुळे बंद पडला. पण जुन्या आवृत्तीला असलेल्या मागणीचे बळ ओळखून त्या गेमच्या कंपनीनेच ऑगस्ट २०१९मध्ये ती अधिकृतपणे आणली. जुना गेम जिवंत राहिला तर नव्याची विक्री मरते, ही भीती या अनुभवापुढे टिकत नाही.

खुद्द युबिसॉफ्टनेही टीकेनंतर ‘द क्रू २’मध्ये ऑफलाइन खेळण्याची सोय आणली. आणि मूळ ‘द क्रू’? तो २०२५मध्ये चाहत्यांनी स्वतःचा सर्व्हर लिहून पुन्हा चालता केला. कंपनीच्या कोणत्याही मदतीशिवाय थोड्या लोकांनी फावल्या वेळात जे साधले, ते कंपनीला अशक्य होते असे म्हणता येणार नाही.

पैसे परत देण्याचा मार्गही काहींनी स्वीकारला. गुगलने जानेवारी २०२३मध्ये ‘स्टेडिया’ ही गेम सेवा बंद करताना गेम्सचे पैसे परत केले. ‘कॉन्कॉर्ड’ ऑगस्ट २०२४मध्ये येऊन दोन आठवड्यांत बंद झाला, तेव्हा सोनीनेही परतावा दिला. ग्राहकाच्या खिशाचा प्रश्न यातून सुटतो. ‘कॉन्कॉर्ड’वर काही वर्षे राबलेल्या लोकांचे काम मात्र कुणालाच पाहता येत नाही.

कायदा कुठे उभा आहे?

वस्तूची प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हक्क संपतो, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८मध्ये एका पुस्तकाच्या खटल्यात मांडले. जुन्या पुस्तकांची दुकाने या तत्त्वावर चालतात. डिजिटल प्रतीला ते लागू होते का, यावर न्यायालयांचे एकमत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२मध्ये ओरॅकलविरुद्धच्या खटल्यात डाउनलोड केलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकता येते असे म्हटले, आणि २०१९मध्ये ई-पुस्तकांबाबत उलट निर्णय दिला. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९मध्ये स्टीमवरचे गेम्स पुन्हा विकण्याच्या बाजूने निकाल दिला. २०२२मध्ये अपिलात तो फिरला.

कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४मध्ये वेगळा मार्ग धरला. ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असेल तर ते खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगा, असा कायदा तिथे १ जानेवारी २०२५पासून लागू झाला. कायमचे डाउनलोड करून ऑफलाइन वापरता येणारी वस्तू त्यातून वगळली आहे. स्टीमवर तशी सूचना त्याआधीच दिसू लागली. हे पाऊल चांगले आहे, पण अपुरे आहे. गेम कधीही जाऊ शकतो असे सांगितल्याने तो जायचा थांबत नाही, आणि सगळेच विक्रेते तेच सांगू लागले की ग्राहकाला निवडीला वाव राहत नाही.

भारतात या प्रश्नावर थेट कायदा नाही; ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेम्सवर आहे. तरी आपण रिकाम्या हाताने उभे नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये तयार सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ मानली. मार्च २०२१च्या ‘इंजिनीअरिंग अ‍ॅनालिसिस’ निकालात, परवान्याच्या अटींसह विकलेल्या सॉफ्टवेअरची किंमत ही प्रतीच्या विक्रीची किंमत आहे, असे म्हटले. दोन्ही निकाल करांविषयीचे आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण कर घेताना जी विक्री आहे ती ग्राहकाचा हक्क मागताना विक्री राहत नाही, हे पटवणे कंपन्यांना सोपे जाणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये ‘अन्याय्य करारा’ची व्याख्या आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार एका बाजूला देणारी अट तिच्यात बसते, आणि अशा तक्रारी राज्य आयोगापुढे नेता येतात. सारखेच हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकत्र तक्रार करण्याचीही सोय आहे. गेम्सच्या बाबतीत या कलमांची कसोटी लागायला हवी.

खात्यातले सामान वाचवता येते, याचा अनुभव तर भारतीय खेळाडूंनी घेतलेला आहे. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातील सेवा थांबली. कारण वेगळे होते, पण पोशाख आणि शस्त्रांवर पैसे खर्च केलेल्या मुलांची अवस्था तीच झाली. पुढे जुलै २०२१मध्ये त्याचाच भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ आला, तेव्हा जुन्या खात्यातील सामान नव्यात हलवण्याची सोय काही काळ दिली गेली. इच्छा असली की तांत्रिक वाट निघते.

जतनाचा प्रश्न सर्वांत मोठा

ग्राहकहक्काची चर्चा पैशांभोवती फिरते. पण गेम ही संगीत, चित्र, कथा आणि यंत्रविद्या यांच्या संगमातून घडलेली कलाकृतीही आहे. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३मध्ये दाखवून दिले, की तिथे २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत. अभ्यासकांना ग्रंथालयातील असे गेम्स दुरून पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली.

महाराष्ट्राला हे दुःख परके नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण स्वरूपात आपल्यापाशी नाही. १९३१चा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ तर पूर्णपणे हरवला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४मध्ये. तोवर पुष्कळ काही गेले होते. तेव्हाच्या लोकांना सिनेमा हा करमणुकीचा किरकोळ माल वाटे. आज गेम्सबद्दल तसेच बोलले जाते.

पुण्यातच घडलेला ‘राजी’ हा २०२०चा गेम एकट्याने खेळायचा आहे. तो टिकण्याची आशा धरता येते. सर्व्हरवर चालणाऱ्या भारतीय गेम्सचे काय? पुस्तकांसाठी १९५४चा कायदा आहे: प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यायची, आणि त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. गेम्ससाठी तसे काही नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देते, पण ग्रंथालयाकडे आधी बिगर-डिजिटल प्रत असेल तरच. जन्मतःच डिजिटल असलेल्या कृतीला या तरतुदीचा काहीच उपयोग नाही.

काय व्हायला हवे?

खरेदी म्हणजे मालकी नसेल तर पायरसी ही चोरी नव्हे, अशी घोषणा या वादात वारंवार ऐकू येते. तिच्यातला राग समजतो, पण ती स्वीकारता येत नाही. तिचा फटका शेवटी पुण्या-बंगळुरूच्या लहान स्टुडिओंना बसतो. उत्तर नियमांतूनच यायला हवे.

एक, एकरकमी किंमत घेऊन विकलेल्या आणि एकट्याने खेळता येणाऱ्या गेमला सर्व्हरची सक्ती उठवल्याशिवाय बंद करता येऊ नये. इथे कंपन्यांचे कोणतेही कारण पुरेसे नाही. दोन, मुळातच ऑनलाइन असलेल्या गेमवर तो किमान किती काळ चालेल याची तारीख खरेदीपूर्वीच लिहिलेली असावी, आणि शेवटी सर्व्हरचे सॉफ्टवेअर द्यावे किंवा चाहत्यांनी उभारलेल्या विनानफा सर्व्हरवर खटला भरू नये. तीन, महिन्याचे शुल्क घेणाऱ्या सेवांना हा नियम लावू नये. तिथे ग्राहकाला तो काय घेतोय हे ठाऊक असते. चार, जतनासाठीच्या तरतुदीतील बिगर-डिजिटल प्रतीची अट काढून टाकावी.

यांतली एकही गोष्ट गेम बनवणाऱ्याचा हक्क हिरावत नाही. नवा भाग काढण्याचा, नक्कल रोखण्याचा, नफा कमावण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. जातो तो फक्त विकलेली वस्तू ग्राहकाच्या घरात मारून टाकण्याचा अधिकार, आणि तो त्याच्याकडे कधी असायलाच नको होता.

वाचकांना सांगणे एवढेच: पुढचा गेम घेताना तो इंटरनेटशिवाय चालतो का, हे आधी पाहा. चालत असेल अशा गेमला पैसे देताना मागेपुढे पाहू नका. आणि पैसे देऊन घेतलेला गेम उद्या तुमच्या खात्यातून नाहीसा झाला, तर समाजमाध्यमांवर त्रागा करून थांबू नका. पावती जपा, तुमच्यासारखे आणखी काही जण गाठा आणि ग्राहक आयोगाकडे जा. भारतात या प्रश्नाचा पहिला निकाल कुणाच्या तरी तक्रारीतूनच येणार आहे.